धुऱ्यापलीकडचे पीक : मत्सराविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे हेवा, मत्सर आणि त्यातून घरात, वावरात व ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) उभ्या राहणाऱ्या दुराव्याविषयी आहेत. पत्रे बहुतेक खेड्यांतून आलेली आहेत आणि लिहिणाऱ्यांनी नाव न छापण्याची विनंती केली आहे. ती मान्य करून प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ. वडिलांच्या पश्चात वावराची समान वाटणी झाली. धाकट्याने विहीर खोदली आणि पाणी लागले. माझ्या वाट्यात दोनदा खोदूनही कोरडेच निघाले. आज त्याच्याकडे ठिबकवर संत्र्याची बाग आहे आणि मी पावसाच्या भरवशावर कापूस व तूर घेतो. आम्ही एकाच मंडळीत जातो. यंदा उन्हाळ्याच्या तोंडी गारपीट झाली आणि त्याचा आंबिया बहार झडला. ते ऐकताच मला क्षणभर बरे वाटले आणि दुसऱ्याच क्षणी माझी मलाच भीती वाटली. ‘पाणी बापाच्या जमिनीचे, त्यात याचे काय कर्तृत्व’ असे मी पूर्वी चारचौघांत बोललोही आहे. अशा मनाने मी प्रभुभोजन (उपासनेतील भाकर व प्याला) घ्यावे का? भावापाशी हे सारे कबूल करावे का?
— एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : ज्या क्षणिक समाधानाची आपल्याला भीती वाटली, त्याची ओळख मंडळीला फार जुनी आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस रोमचे बिशप झालेले थोर ग्रेगरी यांनी बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकावर विवेचन करताना मत्सरापासून जन्मणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत : द्वेष, कुजबुज, निंदा, शेजाऱ्याच्या संकटात वाटणारा आनंद आणि त्याच्या भरभराटीचे दुःख. आपल्या छोट्याशा पत्रात यांपैकी निदान तीन गोष्टी आपण स्वतःच प्रांजळपणे लिहिल्या आहेत. त्यामुळे रोग कोणता याविषयी आपल्याला शंका नाही आणि मलाही नाही.

तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांनी मत्सराची व्याख्या दुसऱ्याच्या चांगल्याचे दुःख अशी केली आणि त्याचे कारणही सांगितले : दुसऱ्याला जे मिळाले त्यामुळे आपण कमी झालो, असे आपल्याला वाटू लागते. म्हणूनच माणूस फार दूरच्याचा, फार मोठ्याचा मत्सर सहसा करीत नाही; तो आपल्या बरोबरीच्याचा करतो. पवित्र शास्त्रातही मत्सराच्या कथा बहुतांशी एकाच घरातल्या आहेत. काइन आणि हाबेल सख्खे भाऊ. राहेल आणि लेआ सख्ख्या बहिणी. योसेफाला विकणारे त्याचे भाऊच होते, आणि इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याच्याविरुद्ध बोलणारी मिर्याम ही त्याची बहीण. तेव्हा एका बापाच्या वावरात दोन वाटे पडले आणि एकाच वाट्यात पाणी लागले, तेथे हा विकार उगवावा यात नवल नाही. नवल नाही म्हणून तो क्षम्य आहे असे मात्र समजू नये.

देवाने आपले अर्पण न स्वीकारता हाबेलाचे स्वीकारले म्हणून काइनाने हाबेलाचा खून केला, त्या कथेतील एका गोष्टीकडे आपण फारसे लक्ष देत नाही. देव काइनाशी खून झाल्यानंतर बोलला हे सर्वांना आठवते. पण तो खुनाच्या आधीही बोलला आहे. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात परमेश्वर त्याला विचारतो की तू का संतापलास, तुझे तोंड का उतरले. आणि सांगतो की पाप दाराशी टपून बसले आहे, त्याची ओढ तुझ्याकडे आहे, पण तू त्याच्यावर सत्ता चालवली पाहिजेस. म्हणजे तोंड उतरणे आणि हात उचलणे यांच्यामध्ये देवाने जागा ठेवली होती. मनात विकार येणे आणि त्याला घरात घेऊन बसवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गारपिटीची बातमी ऐकून आपल्याला बरे वाटले, तेव्हा पाप दाराशी आले होते. दुसऱ्या क्षणी आपल्याला स्वतःची भीती वाटली, तेथे काइनापेक्षा निराळी वाट आपल्यापुढे उघडली आहे. काइन त्या प्रश्नाला उत्तरच देत नाही. तो उठून भावाला शेतात नेतो. आणि शेतकऱ्याने वाचावी अशी पुढची ओळ ही की ज्या भूमीने हाबेलाचे रक्त प्यायले, ती मशागत केली तरी तुला आपले सत्त्व देणार नाही, असे त्याला सांगितले जाते. मत्सराने त्याला भावाचा वाटा मिळाला नाहीच, स्वतःचे वावरही गेले.

आपला प्रश्न विहिरीचा आहे, म्हणून उत्पत्तीचा २६ वा अध्याय आपण सावकाश वाचावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अब्राहामाचा मुलगा इसहाक याने पलिष्टी लोकांच्या गरारात पेरणी केली आणि त्याच वर्षी त्याला शंभरपट पीक आले. मेंढरे, गुरे, चाकर वाढले आणि पलिष्टी त्याचा हेवा करू लागले. त्या हेव्यापायी त्यांनी काय केले? अब्राहामाच्या काळी खोदलेल्या विहिरी त्यांनी मातीने बुजवून टाकल्या. त्या मुलखात पाण्याची किती टंचाई होती हे लक्षात घेतले म्हणजे या कृत्याचा वेडेपणा कळतो, कारण बुजवलेल्या विहिरीतून इसहाकाला पाणी मिळेना, तसे पलिष्ट्यांनाही मिळणार नव्हते. त्या विहिरी ताब्यात घेऊन वापरता आल्या असत्या. पण मत्सराला पाणी नकोच असते. दुसऱ्याला ते मिळू नये एवढेच त्याला हवे असते. लोभी माणूस निदान वस्तू तरी मागतो. भावाचा बहार झडला म्हणून आपल्या तुरीला एक शेंग जास्त लागली नाही, तरीही मन सुखावले, हे त्याच जातीचे आहे.

या साऱ्याच्या मुळाशी, माझ्या समजुतीप्रमाणे, शेजाऱ्याशी भांडण नसतेच. ते देणाऱ्याशी असते. ‘याला दिलेस, मला का नाही?’ हा प्रश्न भावाला विचारण्याचा नाही, कारण जमिनीखालचा झरा भावाने तेथे ठेवलेला नाही. तो देवालाच विचारायचा आहे आणि तो विचारायला शास्त्राची मनाई नाही. स्तोत्र ७३ मध्ये स्तोत्रकर्ता आसाफ उघड सांगतो की दुर्जनांची भरभराट पाहून मी त्यांचा हेवा केला आणि माझे पाय घसरण्याच्या बेतात होते. हे त्याने चारचौघांत बोलून दाखवले नाही, देवाच्या पवित्रस्थानात नेले. आपणही विहीर कोरडी गेल्याचे दुःख, त्यात गेलेला पैसा, वडील भाऊ असूनही मागे पडल्याची बोच, सर्व काही प्रार्थनेत जसेच्या तसे बोला. हे न बोलता केवळ ‘मला समाधान दे’ असे म्हणत राहिलात, तर जखम वरून भरेल आणि आत तशीच राहील.

आता आपले दोन नेमके प्रश्न. प्रभुभोजनाविषयी प्रेषित पौल करिंथकरांस लिहितो की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी व प्याला प्यावा. परीक्षा करून दूर राहावे असे तो म्हणत नाही. परीक्षा आपण केलीच आहे. मात्र प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे की वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर आधी त्याच्याशी समेट करावा. यावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. जे केवळ आपल्या मनात घडले, ते सारे भावापुढे मांडण्याची गरज मला वाटत नाही. ‘तुझा बहार झडला तेव्हा मला बरे वाटले’ हे सांगून आपले ओझे उतरेल आणि त्याच्या डोक्यावर चढेल, तेही नुकसान झालेल्या वर्षी. ते आपल्या पाळकांपाशी बोला. जे आपण चारचौघांत बोललात त्याचे मात्र तसे नाही. ती निंदा होती, आणि ज्या चौघांत ती झाली त्याच चौघांत ती मागे घ्यावी लागेल. भाऊ पहाटे उठून बागेत जातो, कर्ज काढून त्याने ठिबक बसवली, हे आपल्याला ठाऊक असेल, तर ते त्याच लोकांसमोर बोला. त्यानंतर त्याच्या वावरात जा. नुकसानीचा पंचनामा झाला नसेल तर तलाठी व कृषी सहायक येतील त्या दिवशी त्याच्याबरोबर उभे राहा.

हे तातडीने करण्याचे आणखी एक कारण आहे. योसेफाला विकले तेव्हा तो १७ वर्षांचा होता. मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा. सुबत्तेची सात आणि दुष्काळाची दोन वर्षे गेल्यावर त्याचा बाप याकोब मिसरात आला आणि तेथे १७ वर्षे जगला. हा हिशेब जुळवला तर बाप वारला तेव्हा विकण्याच्या त्या दिवसाला ३९ वर्षे झाली होती. योसेफाने क्षमा केली होती, अन्न दिले होते, राहायला गोशेन प्रांत दिला होता. तरीही बापाचे दफन होताच भाऊ घाबरतात की आता हा सूड घेईल, आणि त्याच्याकडे निरोप पाठवतात. ते ऐकून योसेफ रडला. चांदीच्या वीस नाण्यांत विकलेला भाऊ क्षमा करून मोकळा झाला, पण विकणारे ३९ वर्षे मोकळे झाले नव्हते.

प्रश्न : रविवारच्या शाळेत मुलांना काइन-हाबेलाचा पाठ शिकवताना एका मुलाने विचारले की काइन शेतकरी होता, त्याने वावरातले पीक आणले, मग देवाला मेंढरेच का आवडली? आमची सर्व मुले शेतकऱ्यांची आहेत. मला उत्तर देता आले नाही.
— एक शिक्षिका, मेहकर तालुका

उत्तर : मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे. देवाला शेतीचे अर्पण कमी वाटते असे शास्त्रात कोठेही नाही. लेवीय या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात सपिठाच्या अर्पणाचा पूर्ण विधी आहे, आणि अनुवाद या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात तर शेतकऱ्याने प्रथमपिकाची टोपली घेऊन यावे व परमेश्वराचे उपकार आठवावेत असे सांगितले आहे. आपल्याकडे नव्या पिकाची उपकारस्तुती होते तिचे मूळ अशाच वचनांत आहे. उत्पत्तीत एवढाच फरक दिसतो की हाबेलाने कळपातील प्रथम जन्मलेले आणि पुष्ट असे आणले; काइनाच्या बाबतीत ‘भूमीच्या उत्पन्नातून काही’ असे मोघम म्हटले आहे. इब्री लोकांस पत्र हाबेलाच्या विश्वासाकडे बोट दाखवते आणि योहानाचे पहिले पत्र काइनाच्या दुष्ट कृत्यांकडे. मुलांना सांगा की देवाने आधी माणसाकडे पाहिले, मग अर्पणाकडे. उत्पत्तीत नावांचा क्रमही तोच आहे. आणि हेही सांगा की आपले अर्पण का नाकारले हे काइनाने देवाला विचारले असते, तर त्याला उत्तर मिळाले असते.

प्रश्न : आमची गाय वेतानंतर चांगले दूध देत होती. शेजारची एक बाई येऊन ‘किती दूध देते हो’ म्हणून गेली आणि आठवडाभरात दूध आटले. सासूबाई म्हणतात की तिची दृष्ट लागली, ती जळते, उतारा करा. आम्ही ख्रिस्ती आहोत. दृष्ट लागते असे मानावे का?
— एक भगिनी, मानोरा तालुका

उत्तर : ताई, आधी गाय पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. कास गरम किंवा कडक असेल, दुधात गाठी येत असतील तर तो कासदाह असू शकतो आणि त्यात उशीर झाला तर सड कायमचा निकामी होतो. उताऱ्यात गेलेला दिवस गाईला महाग पडेल.

श्रद्धेविषयी सांगायचे तर मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने माणसाच्या अंतःकरणातून निघणाऱ्या वाईट गोष्टींची यादी दिली आहे. खून, चोरी, कपट यांच्या रांगेत हेवाही आहे, आणि या गोष्टी ज्याच्या आतून निघतात त्यालाच भ्रष्ट करतात, असे तो म्हणतो. नीतिसूत्रांच्या १४ व्या अध्यायातही मत्सराने हाडे कुजतात असे आहे. ती हाडे मत्सर करणाऱ्याचीच आहेत. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बेसिल यांनी मत्सरावर एक प्रवचन केले. गंज जसा लोखंडाला खातो तसा मत्सर ज्या जिवात असतो त्यालाच खातो, असे त्यांनी म्हटले. मत्सरी माणूस हाताने व जिभेने दुसऱ्याचे नुकसान करू शकतो, हे आपण वर पाहिलेच. पण केवळ नजरेने गाईचे दूध आटवण्याची सत्ता देवाने कोणाच्या डोळ्यांत ठेवलेली नाही, आणि आपल्या गोठ्यावर शेजारणीच्या नजरेचे राज्य आहे असे मानणे म्हणजे प्रभूचे राज्य तेवढ्यापुरते अमान्य करणे होय.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. ‘ती जळते’ हे आपल्याला कसे कळले? तिने तर गाईचे कौतुक केले होते. गावात अशी एक गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते आणि ती बाई विधवा किंवा एकटी असेल तर पाहता पाहता तिच्यावर करणीचा आळ येतो. मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवल्याचा आरोप एखाद्यावर करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा होतीच. सासूबाईंचा मान राखून हे घरात बोला. गाय बरी झाली की पहिल्या दुधातले थोडे त्या शेजारणीकडे पाठवा.

प्रश्न : माझे यजमान वारले. माझी दोन एकर कोरडवाहू आहे. सिंचन विहिरीच्या लाभार्थ्यांची यादी लागली तेव्हा ज्यांच्याकडे आधीच ओलिताची जमीन आहे अशांची नावे त्यात होती. मी बचत गटातल्या बायांना घेऊन ग्रामसभेत उठून विचारले. नंतर मंडळीतील एक वडीलधारे गृहस्थ घरी आले आणि म्हणाले, ताई, शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नये अशी दहावी आज्ञा आहे. हा मत्सर आहे, पश्चात्ताप करा. तेव्हापासून मी फार अस्वस्थ आहे.
— एक वाचक, घाटंजी तालुका

उत्तर : ताई, आपण पश्चात्ताप करण्यासारखे काहीही केलेले नाही. ते गृहस्थ सद्हेतूने आले असतील असे मी मानतो, परंतु त्यांनी त्या आज्ञेचा उपयोग चुकीच्या माणसावर केला, आणि असा उपयोग आपल्या मंडळ्यांत वारंवार होतो याचे मला दुःख आहे. गरिबाने हक्क मागितला की त्याला मत्सरी म्हणायचे आणि ज्याच्याकडे आहे त्याने आणखी ओढून घेतले की त्याला आशीर्वादित म्हणायचे, ही शिकवण शास्त्रातली नाही.

शेजाऱ्याचे घर, बैल, गाढव यांचा लोभ धरू नये ही आज्ञा निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात आहे. (आपल्या कॅथोलिक बांधवांच्या गणनेत ती नववी व दहावी मिळून येते.) ती मोडणारी शास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती कोण? अहाब राजा. त्याच्याकडे राजवाडा होता, तरी शेजारच्या नाबोथाचा द्राक्षमळा त्याला हवा होता. तो मिळेना म्हणून तो अन्न सोडून तोंड फिरवून निजला, आणि शेवटी खोट्या साक्षीवर नाबोथाला दगडमार झाला. एलीया संदेष्टा त्या मळ्यात अहाबाला गाठायला गेला. नाबोथाला समजावायला तो गेला नव्हता. मीखा संदेष्टाही शेतांचा लोभ धरून ती बळकावणाऱ्यांनाच धिक्कारतो, कारण त्यांच्या हाती बळ आहे.

उलट सलाफहादच्या पाच मुलींची कथा पाहा. गणना या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात त्या मोशे, याजक, सरदार आणि सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहतात आणि विचारतात की आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचे नाव कुळातून का जावे. आम्हांला वतन द्या. तीही एक प्रकारे ग्रामसभाच होती, आणि बाया उठून बोलल्या होत्या. मोशेने त्यांना मत्सरी म्हटले नाही. त्याने त्यांचे प्रकरण परमेश्वरापुढे नेले, आणि परमेश्वर म्हणाला की त्यांचे म्हणणे बरोबर आहे. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात असेच आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. त्यांनी व्यवस्था बदलली आणि त्या कामासाठी सात माणसे नेमली.

मत्सर आणि न्यायाची मागणी यांतला फरक मजुरीच्या दोन वचनांतून चांगला कळतो. मत्तयाच्या २० व्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात सकाळपासून राबलेल्या मजुरांना ठरलेला पूर्ण दीनार मिळाला होता. शेवटचा एक तास काम केलेल्यांनाही तेवढाच मिळाला म्हणून ते कुरकुरले. त्यांचे काहीही बुडाले नव्हते, मालकाचा उदारपणा त्यांना सोसवला नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मात्र शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते. तेथे कोणी त्या मजुरांना ‘समाधानी राहा’ म्हणत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे मजुरीचीच कुरकुर ऐकू येईल, पण एक मत्सर आहे आणि दुसरी प्रार्थना आहे.

न्यायाच्या मागणीतही मत्सर हळूच मिसळू शकतो, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. स्वतःला तपासायचे असेल तर एवढे विचारा : यादीतील एखाद्याचे नाव कटले आणि आपले आले नाही, तर आपल्याला समाधान वाटेल का? वाटणार असेल, तर त्या भागावर प्रार्थना करा. नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत पुन्हा उठा, आपला अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. लूकाच्या १८ व्या अध्यायातील विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा गेली, आणि प्रभूने ती चिकाटी प्रार्थनेचा नमुना म्हणून आपल्यापुढे ठेवली आहे.

प्रश्न : मी एका लहान मंडळीत प्रचारक आहे. आमच्या गावात दुसऱ्या एका मंडळीचे तरुण प्रचारक आले. त्यांचा आवाज चांगला आहे. त्यांनी मुलांना गीते शिकवली आणि आमची काही कुटुंबे तिकडे जाऊ लागली. ते खोटे शिकवतात असे मी म्हणू शकत नाही, तरीही त्यांचे नाव निघाले की माझे मन कडू होते. देवाच्या कामातही हे असावे का?
— एक प्रचारक, चिखलदरा तालुका

उत्तर : बंधू, देवाच्या कामात हे असू नये, पण ते पहिल्यापासून आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस, सुमारे ९६ मध्ये, रोमच्या मंडळीकडून करिंथच्या मंडळीला एक पत्र गेले. ते क्लेमेंट यांनी लिहिल्याचे मानले जाते. करिंथात काही जणांनी मंडळीच्या वडिलांना पदावरून दूर केले होते. त्या पत्रात काइनापासून आरंभ करून योसेफ, मोशे, दावीद अशी मत्सराची उदाहरणे ओळीने दिली आहेत, आणि पेत्र व पौल यांनाही मत्सरामुळेच यातना सोसाव्या लागल्या असे म्हटले आहे. त्याच्याही आधी, आपल्या प्रभूला पिलातापुढे उभे केले तेव्हा याजकांनी याला हेव्याने धरून दिले आहे हे त्या परराष्ट्रीय सुभेदाराने ओळखले होते, असे मत्तय आणि मार्क दोघेही सांगतात. धर्माचे काम करणाऱ्यांचा मत्सर बाहेरच्याला लवकर दिसतो, स्वतःला उशिरा.

गीतावरून मत्सर पेटल्याची कथाही आपल्याला ठाऊक आहे. शौलाने हजारो मारले, दाविदाने लाखो, असे स्त्रिया गात आल्या आणि त्या दिवसापासून राजा शौल आपल्या सरदारावर, दाविदावर, डोळा ठेवून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने भाला फेकला. कार्थेजचे बिशप सिप्रियन, जे २५८ मध्ये ख्रिस्तासाठी मरण पावले, त्यांनी मत्सरावर स्वतंत्र लेख लिहिला आहे. त्यात ते म्हणतात की इतर पापे कृत्य झाले की संपतात, मत्सराला शेवट नसतो. शौलाचे तसेच झाले. दाविदाला मदत केली म्हणून त्याने नोब येथील ८५ याजक मारवले, ज्यांचा त्या गीताशी काही संबंध नव्हता. आणि त्याच घरात शौलाचा मुलगा योनाथान होता. गादीचा वारस तोच होता, दाविदामुळे खरे नुकसान त्याचेच होणार होते. पण त्याने अंगरखा, तलवार, धनुष्य आणि कमरबंद काढून दाविदाला दिले. शौलाने जे गमावले नव्हते त्यासाठी तो जळत राहिला आणि योनाथानाने जे आपले होते ते देऊन टाकले. आपल्या स्थितीला योनाथानाचे उदाहरण अधिक जवळचे आहे, कारण आपली काही कुटुंबे खरोखरच गेली आहेत. ते दुःख खोटे नाही आणि ते वाटण्यात पाप नाही.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडेही त्याचे शिष्य असेच आले होते की सगळे लोक आता येशूकडे जात आहेत. योहानाने उत्तर दिले की स्वर्गातून दिल्याशिवाय मनुष्याला काहीच मिळू शकत नाही. त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा. तो ख्रिस्ताविषयी बोलत होता, हे खरे. पण एलदाद व मेदाद नावाचे दोघे छावणीत भविष्यवाद करू लागले आणि तरुण यहोशवा त्यांना मना करा म्हणाला, तेव्हा मोशेने तेच मन साध्या माणसांविषयी दाखवले : तू माझ्यासाठी हेवा करतोस काय? परमेश्वराचे सर्वच लोक संदेष्टे असते तर किती बरे झाले असते! पौलाने तर तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिले की काही जण हेव्याने व वैरभावानेही ख्रिस्ताची घोषणा करतात, तरी ख्रिस्ताची घोषणा होते यात मला आनंद आहे. आपले शेजारी प्रचारक हेव्याने काम करीत आहेत असे तर आपणही म्हणत नाही.

मोशेविरुद्ध बोलल्यामुळे मिर्यामेला कोड उठले तेव्हा तिच्यासाठी आरोळी मारून प्रार्थना करणारा मोशेच होता, म्हणजे जिच्या मत्सराचा विषय तो होता तोच. आणि ती सात दिवस छावणीबाहेर राहिली तोवर सर्व लोकांचा प्रवास थांबला होता. दोन प्रचारकांमधल्या कडवटपणाने एवढ्याशा गावातील दोन्ही मंडळ्यांची वाटचाल अशीच थांबेल. म्हणून येत्या रविवारी उपासनेत त्या तरुण प्रचारकांचे नाव घेऊन, त्यांच्या कामाच्या वाढीसाठी प्रार्थना करा. नाव न घेता केलेली प्रार्थना येथे पुरणार नाही. नंतर त्यांच्या घरी जा. नाताळाच्या गायनाची तयारी दोन्ही मंडळ्यांच्या मुलांनी एकत्र करावी आणि ती त्यांनी शिकवावी, असे आपण होऊन सुचवा. बायबलपाठाची जबाबदारी आपल्याकडे ठेवा, कारण त्या मुलांना आपण वर्षानुवर्षे शिकवत आला आहात आणि ते दान आपल्यालाही मिळालेले आहे.